मेटॅलिकाचा '...अँड जस्टिस फॉर ऑल': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेटॅलिका हा अमेरिकन हेवी मेटल बँड. या एका अल्बमबद्दल जितके प्रश्न येतात तितके त्यांच्या बाकीच्या सगळ्या अल्बमांबद्दल मिळूनही येत नाहीत. त्यातले निम्मे बेस गिटारबद्दल (खालचे, खर्जातले सूर वाजवणारी गिटार) असतात, उरलेल्यांतले बरेच ग्रॅमी या अमेरिकन संगीत पुरस्काराबद्दल. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. आधी साधे प्रश्न घेतले आहेत, गुंतागुंतीचे नंतर.

१. हा अल्बम कधीचा? मेटॅलिकाचा कितवा?

१९८८ चा, चौथा स्टुडिओ अल्बम. आधीचे तीन म्हणजे 'किल 'एम ऑल' (१९८३), 'राइड द लाइटनिंग' (१९८४) आणि 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६). यानंतरचा १९९१ चा, ज्याला सगळे 'ब्लॅक अल्बम' म्हणतात.

जानेवारी ते मे १९८८ या काळात लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. एलेक्ट्रा कंपनीने तो बाजारात आणला. नऊ गाणी आणि ६५ मिनिटं. एका एलपीत एवढं मावत नाही, म्हणून व्हायनलवर तो दोन तबकड्यांचा संच आहे.

२. यात कोण कोण वाजवतं? क्लिफ बर्टन आहे का?

जेम्स हेटफील्ड (गायन, ऱ्हिदम गिटार), लार्स उलरिक (ड्रम), कर्क हॅमेट (लीड गिटार) आणि जेसन न्यूस्टेड (बेस).

बर्टन नाही. २७ सप्टेंबर १९८६ च्या पहाटे स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि त्यात तो गेला. २४ वर्षांचा होता. महिनाभरात बँडने फ्लॉट्सम अँड जेट्सम या बँडमधल्या न्यूस्टेडला घेतलं आणि लगेच दौऱ्यावर निघाले. शोक करायला कुणाला फुरसत मिळाली नाही, किंवा त्यांनी ती घेतली नाही. हा अल्बम समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करायला हवी. पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ त्या दोन वर्षांत आहे.

बर्टनचं नाव मात्र एका गाण्याच्या श्रेयात आहे. त्यासाठी प्रश्न १३ पाहा.

३. मी मेटल कधी ऐकलेलं नाही. इथून सुरुवात करू का?

माझं मत विचाराल तर नको. आधी 'मास्टर ऑफ पपेट्स' किंवा 'ब्लॅक अल्बम' ऐका. 'जस्टिस'चा आवाज कोरडा आहे, गाणी लांब आहेत, एका गाण्यात सहा-सात वेगवेगळे रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटी) येतात आणि पहिल्या ऐकण्यात ते एकमेकांत मिसळून जातात. ज्याला आवडतो त्याला वेड लावतो, पण त्याआधी कानाला थोडी सवय लागते.

तरीही यातूनच सुरुवात करायची असेल तर 'वन' ऐका. हळुवार सुरू होतं आणि श्रोत्याला हाताला धरून नेतं. मग 'ब्लॅकन्ड'. शीर्षकगीत नंतरसाठी राखून ठेवा.

४. नाव कुठून आलं? मुखपृष्ठावरची बाई कोण?

अमेरिकन शाळांमध्ये मुलं राष्ट्रध्वजासमोर जी निष्ठेची शपथ म्हणतात, तिच्या शेवटच्या शब्दांमधून. सर्वांना स्वातंत्र्य आणि न्याय असं वचन तिथे दिलेलं आहे. बँडने त्यातला न्यायाचा भाग उचलला आणि आधी तीन टिंबं ठेवली.

मुखपृष्ठावर न्यायदेवता आहे: डोळ्यांवर पट्टी, अंगाला दोर आवळलेले, पुतळ्याला तडे गेलेले आणि तराजूच्या पारड्यांत डॉलरच्या नोटा. कल्पना हेटफील्ड आणि उलरिकची, चित्र स्टीफन गोर्मनचं. १९८८-८९ च्या दौऱ्यात हाच पुतळा मंचावर प्रचंड आकारात उभा असायचा आणि कार्यक्रमाच्या शेवटाकडे कोसळायचा. चाहत्यांमध्ये त्या पुतळ्याचं नाव 'डोरिस'.

५. गाणी कशाबद्दल आहेत? मेटल म्हणजे भुतंखेतं आणि सैतान ना?

या अल्बममध्ये सैतान औषधालासुद्धा नाही. जे आहे ते वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर असतं तेच.

'ब्लॅकन्ड' पृथ्वीच्या विनाशाबद्दल आहे. शीतयुद्ध अजून संपलेलं नव्हतं, अणुयुद्धाची धास्ती खरी होती. शीर्षकगीत पैशाने विकल्या गेलेल्या न्यायालयांबद्दल. 'आय ऑफ द बिहोल्डर' अभिव्यक्तिस्वातंत्र्याबद्दल: स्वातंत्र्य आहे, पण आम्ही आखलेल्या रेषेच्या आतच, असं म्हणणाऱ्या सत्तेवर. 'द शॉर्टेस्ट स्ट्रॉ' काळ्या यादीबद्दल, १९५० च्या दशकात अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरून माणसांचं काम आणि इभ्रत हिरावली गेली त्याबद्दल. 'हार्वेस्टर ऑफ सॉरो' स्वतःच्याच कुटुंबावर संताप काढणाऱ्या माणसाचं गाणं आहे. 'द फ्रेड एंड्स ऑफ सॅनिटी' म्हणजे डोकं ताळ्यावरून सुटण्याची भीती.

आणि मग शेवटचं 'डायर्स ईव्ह'. पाच मिनिटांचं, अल्बममधलं सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत वेगवान. मुलाने आईवडिलांना लिहिलेल्या पत्रासारखं आहे ते: तुम्ही मला जगापासून लपवून ठेवलंत, आता या जगात मी उभा कसा राहू? हेटफील्डचं घर ख्रिश्चन सायन्स पंथाचं. त्या पंथात आजार प्रार्थनेने बरा होतो अशी श्रद्धा असते, औषधोपचार टाळले जातात. त्याची आई कर्करोगाने गेली तेव्हा तो १६ वर्षांचा होता. हे ठाऊक असेल तर 'डायर्स ईव्ह'चा वेग वेगळा ऐकू येतो. न्यायालय, सरकार, सैन्य यांच्यावर आसूड ओढल्यावर अल्बम शेवटी स्वतःच्या घरात येतो. माझ्या मते त्या नऊ गाण्यांचा क्रम याहून योग्य लागला नसता.

'वन' मुद्दाम वगळलं. त्याला वेगळं उत्तर हवं.

६. 'वन'ची गोष्ट खरी आहे का? व्हिडिओमध्ये तो जुना सिनेमा कुठला?

गोष्ट काल्पनिक आहे. पहिल्या महायुद्धात एका सैनिकाजवळ स्फोट होतो. हात, पाय, डोळे, कान, तोंड सगळं जातं, पण मेंदू शाबूत राहतो. इस्पितळात पडल्यापडल्या त्याला कळतं की आपण जिवंत आहोत आणि कुणाला काही सांगू शकत नाही.

संपूर्णपणे स्वतःच्या देहात अडकलेल्या माणसाबद्दल लिहायचं हेटफील्डच्या डोक्यात आधीपासून होतं. व्यवस्थापक क्लिफ बर्नस्टीनने त्याला डाल्टन ट्रम्बोची १९३९ ची कादंबरी 'जॉनी गॉट हिज गन' सुचवली. ट्रम्बोनेच १९७१ मध्ये तिच्यावर सिनेमा दिग्दर्शित केला. व्हिडिओतले प्रसंग त्या सिनेमातले. तेच वापरता यावेत म्हणून बँडने सिनेमाचे हक्क विकत घेतले.

हा ट्रम्बो स्वतः हॉलिवूडच्या काळ्या यादीत होता, तुरुंगातही जाऊन आला होता. म्हणजे 'वन'ला ज्याने कथा दिली, त्याच्या आयुष्यावर त्याच अल्बममधलं 'द शॉर्टेस्ट स्ट्रॉ' तंतोतंत बसतं.

संगीतात ही गोष्ट कशी सांगितली आहे तेही पाहा. सुरुवातीला युद्धाचे आवाज, मग स्वच्छ, डिस्टॉर्शनची खरखर नसलेली गिटार. गाणं पायरीपायरीने जड होत जातं. मधे उलरिकचे दोन्ही पाय बेस ड्रमवर मशीनगनसारखे चालू लागतात, गिटारी त्याच ठोक्यांना येऊन मिळतात आणि तिथून मागे फिरणं नाही. हॅमेटचा शेवटचा सोलो म्हणजे कुणालाच ऐकू न जाणारा आक्रोश. ३५ हून जास्त वर्षं झाली, त्या जागेचा जोर जराही कमी झालेला नाही.

व्हिडिओ बिल पोप आणि मायकल सॉलोमन यांनी केला. बँडचं वादन एका गोदामात कृष्णधवल चित्रित केलं आहे. जानेवारी १९८९ मध्ये तो एमटीव्हीवर आला. मेटॅलिकाचा तो पहिलाच व्हिडिओ. तोवर व्हिडिओ करणार नाही असाच त्यांचा हेका होता.

७. गाणी इतकी लांब का?

शीर्षकगीत आणि 'टू लिव्ह इज टू डाय' ही दोन्ही दहा मिनिटांना टेकतात. हेटफील्ड आणि उलरिककडे रिफच्या कॅसेटींचा ढीग असायचा. या वेळी त्यांनी एकेका गाण्यात जमेल तितके रिफ बसवले, वेग बदलले, मात्रा बदलल्या. 'ब्लॅकन्ड'मध्ये सात मात्रांचा रिफ येतो आणि सरळ चारात ठेका धरून मान हलवणारा श्रोता चुकतो. आपल्याकडे रूपकाची सवय असलेल्या कानाला ते तितकं परकं वाटू नये.

लांबी सगळीकडे सारखी पेलली आहे असं मात्र नाही. शीर्षकगीताला मी एका सेकंदाचीही कात्री लावणार नाही. 'आय ऑफ द बिहोल्डर' आणि 'द फ्रेड एंड्स ऑफ सॅनिटी' थोडी आवरती घेता आली असती. या लांबीचा मंचावर काय परिणाम झाला ते प्रश्न १४ मध्ये आहे.

८. बेस गिटार ऐकू का येत नाही?

हा तो प्रश्न. उत्तर एका वाक्यात: न्यूस्टेडने बेस वाजवला होता, नीट रेकॉर्ड झाला होता आणि मिक्सिंगच्या वेळी, म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं एकत्र जुळवताना, तो जवळजवळ शून्यापर्यंत खाली आणला गेला.

आता सविस्तर. ध्वनिमुद्रणाला आधी माइक क्लिंकला बोलावलं होतं. गन्स एन' रोझेसचा 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' त्याने केला होता. त्याच्याशी जुळलं नाही आणि आधीच्या दोन अल्बमांचा साथीदार, डेन्मार्कचा फ्लेमिंग रासमुसेन, आला. न्यूस्टेडचा बेस जवळपास एकट्यात रेकॉर्ड झाला, सोबत सहायक ध्वनिमुद्रक टोबी राइट. बाकी कुणी त्याला सांगायला नव्हतं की इथे गिटारपासून वेगळा हो, इथे जागा सोड. तो हेटफील्डच्या ऱ्हिदम गिटारच्या पाठोपाठ, स्वरास्वराला वाजवत गेला. बर्टन तसं कधीच करत नसे. त्याचा बेस स्वतंत्र वाटेने चालायचा आणि म्हणून ऐकू यायचा. शिवाय हेटफील्डच्या गिटारचा आवाज या अल्बममध्ये असा आहे की मधल्या पट्टीतले स्वर कोरून काढलेत, खालची आणि वरची पट्टी फुगवली आहे. गिटारनेच खालची जागा खाल्ली. बेस ड्रमच्या टकटक आवाजाने उरलीसुरली.

तरीही एवढ्याने बेस नाहीसा होत नाही. नाहीसा केला तो न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिल स्टुडिओत, मिक्सिंगच्या टेबलावर. मिक्सिंग स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकल बार्बिएरो यांनी केलं. थॉम्पसनने पुढे मुलाखतीत सांगितलेली हकिगत अशी: उलरिकने बेस खाली घ्यायला सांगितलं, जेमतेम ऐकू येईल इतका, तसं केल्यावर आणखी पाच डेसिबल खाली घ्यायला सांगितलं. रासमुसेन मिक्सिंगला नव्हता आणि न्यूस्टेडने वाजवलेलं उत्तम होतं असं त्यानेही नंतर आवर्जून सांगितलं आहे. त्या दिवसांत बँड व्हॅन हेलनसोबत 'मॉन्स्टर्स ऑफ रॉक' दौऱ्यावर होता. मैदानातल्या आवाजाने थकलेले कान घेऊन हेटफील्ड आणि उलरिक मधल्या सुट्टीच्या दिवसांत स्टुडिओत यायचे. आपले कान तेव्हा जागेवर नव्हते हे हेटफील्डनेही मान्य केलं आहे.

मग हा नव्या मुलाला दिलेला त्रास होता का? न्यूस्टेडला पहिली काही वर्षं बँडमध्ये टोमणे आणि छळ सोसावा लागला हे सर्वांनीच कबूल केलं आहे. बर्टनच्या जागी दुसरा कुणी उभा आहे हे त्या तिघांना सहन होत नव्हतं. उलरिक म्हणतो की मुद्दाम काही नव्हतं, आम्हाला फक्त गिटार आणि ड्रम ऐकायचे होते. मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात. दुःख न बोलता गिळणारी माणसं ते असंच बाहेर काढतात, स्वतःच्याही नकळत. जाणूनबुजून झालेलं असो वा नसो, न्यूस्टेडवर अन्याय झाला. न्यायाबद्दलच्या अल्बममध्ये झाला. पहिल्यांदा मिक्स ऐकल्यावर तो किती खचला ते त्याने स्वतः सांगितलं आहे, आणि पुढे मनातून ते सोडून दिल्याचंही सांगितलं आहे.

९. पण माझ्या हेडफोनवर तर खालचे स्वर येतात. तो बेस नाही का?

बहुतेक वेळा नाही. तो हेटफील्डच्या गिटारीचा तळ आणि बेस ड्रम. इक्वलायझरवर बेस वाढवला तर हेच दोन वाढतात, न्यूस्टेड नव्हे.

काही जागी तो खरोखर सापडतो. 'टू लिव्ह इज टू डाय'च्या संथ भागात गिटारी मोकळी जागा सोडतात तिथे आणि 'वन'च्या सुरुवातीच्या शांत भागात कान लावून बसा. शोधणं कठीण का जातं ते वर आलंच: दोन वाद्यं एकच स्वर एकाच वेळी वाजवत असतील तर हळू असलेलं दुसऱ्यात विरघळतं.

न्यूस्टेडचा हात कसा होता हे ऐकायचं असेल तर १९८७ चा ईपी (छोटा अल्बम) 'गॅरेज डेज री-रिव्हिजिटेड' घ्या. तोच बँड, तोच बेसवादक, एका वर्षाआधी, आणि बेस ठणठणीत.

१०. २०१८ च्या रीमास्टरमध्ये बेस वाढवला आहे का?

नाही. रीमास्टर आणि रीमिक्स या वेगळ्या गोष्टी आहेत. मिक्सिंगमध्ये प्रत्येक वाद्याचं ध्वनिमुद्रण वेगळं हातात असतं. तिथे बेस वर-खाली करता येतो. मास्टरिंग त्यानंतरची पायरी. तिथे हातात असतं ते तयार, एकजीव झालेलं स्टिरिओ ध्वनिमुद्रण. त्यात एकूण आवाजाची पातळी, झळाळी, समतोल बदलता येतो. जे वाद्य मिक्समध्येच नाही ते मास्टरिंगमध्ये उगवत नाही.

२०१८ मध्ये तिसाव्या वर्षाच्या निमित्ताने बँडने रीमास्टर काढला, सोबत मोठा पेटीसंचही: डेमो (गाण्यांची सुरुवातीची कच्ची ध्वनिमुद्रणं), कच्ची मिक्सिंग, दौऱ्यातली ध्वनिमुद्रणं. मूळ मिक्सिंगला हात लावायचं त्यांनी ठरवून टाळलं. इतिहास बदलायचा नाही अशी हेटफील्डची भूमिका आहे.

मला ती पटते. न्यूस्टेडवर अन्याय झाला असं वर म्हटलं ते मागे घेत नाही. पण हा कोरडेपणा, ही पोकळी, हे त्या चार माणसांचं १९८८ मधलं खरं चित्र आहे. ते आता मऊ करून दाखवणं म्हणजे तो अन्याय झालाच नाही असं दाखवणं.

११. यूट्यूबवर 'जस्टिस फॉर जेसन' नावाने बेस असलेला अल्बम मिळतो. तो खरा आहे का?

अधिकृत नाही. चाहत्यांनी केलेली मिक्सिंग आहेत, वेगवेगळ्या लोकांची, वेगवेगळ्या दर्जाची. काहींनी बेस स्वतः नव्याने वाजवून मूळ ध्वनिमुद्रणावर चढवला आहे. काहींनी २००९ च्या 'गिटार हिरो: मेटॅलिका' या व्हिडिओ गेममधून सुटे झालेले ध्वनिपट्टे वापरले आहेत. त्या गेममध्ये बेसही वाजवायचा असल्यामुळे प्रत्येक वाद्य वेगळं ठेवणं भाग होतं. त्यामुळे गेममधल्या गाण्यांपुरता बेस न्यूस्टेडचाच ऐकू येतो. बाकी ठिकाणी कुणा चाहत्याचा असू शकतो. ऐकण्याआधी वर्णन वाचा.

एकदा जरूर ऐका, त्याने 'जस्टिस' किती भरीव होऊ शकला असता ते कळतं. पण अधिकृत आणि अस्सल हवं असेल तर शेवटचं उत्तर पाहा.

१२. अल्बम आला तेव्हा प्रतिसाद कसा होता? समीक्षकांनी झोडपलं होतं का? आणि ग्रॅमीचं काय झालं?

झोडपलं असं नाही म्हणता येणार. महत्त्वाकांक्षा, वादनाची अचूकता आणि शब्दांमधलं गांभीर्य यांचं कौतुक झालं. तक्रारी दोन होत्या: लांबी आणि कोरडा आवाज. गंमत वाटेल, पण बेसचा मुद्दा हळूहळू मोठा होत गेला; आज तो पहिल्या वाक्यात येतो.

लोकांनी मात्र अल्बम उचलून धरला. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तो सहाव्या क्रमांकापर्यंत गेला, ब्रिटनमध्ये चौथ्या. 'मास्टर ऑफ पपेट्स' अमेरिकेत २९ वर थांबला होता, त्यावरून उडीची कल्पना यावी. 'वन' अमेरिकेच्या एकेरी गाण्यांच्या यादीत ३५ वर पोचलं. पहिल्या चाळिसात येणारं बँडचं ते पहिलंच गाणं. हातपाय गेलेल्या सैनिकाबद्दलचं सात मिनिटांहून लांब गाणं, हे विसरू नका. अमेरिकेत अल्बमला आजवर आठ पट प्लॅटिनम मिळालं आहे, म्हणजे ८० लाख प्रती.

आता ग्रॅमी. फेब्रुवारी १९८९ मध्ये हार्ड रॉक आणि मेटल यांच्यासाठी पहिल्यांदाच एक विभाग सुरू झाला. नामांकनं पाच: मेटॅलिका, एसी/डीसी, इगी पॉप, जेन्स ॲडिक्शन आणि जेथ्रो टल. मेटॅलिकाने त्या सोहळ्यात 'वन' वाजवलं आणि निकाल ठरल्यासारखाच आहे असं सगळे धरून बसले. पुरस्कार द्यायला ॲलिस कूपर आणि लिटा फोर्ड आले, पाकीट उघडलं आणि नाव निघालं जेथ्रो टलचं, 'क्रेस्ट ऑफ अ नेव्ह'साठी. जेथ्रो टल म्हणजे बासरीवर उभा असलेला ब्रिटिश रॉक बँड. आपण जिंकणार नाही हे धरून ते सोहळ्याला आलेही नव्हते. चांगला बँड आहे तो, त्यांचा यात काही दोष नाही; मत देणाऱ्यांना मेटल म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. मेटॅलिकाच्या अल्बमवर मग 'ग्रॅमी हरलेले' अशा अर्थाचे स्टिकर लागले.

तर मग 'वन'ला ग्रॅमी मिळालं असं विकिपीडियावर का लिहिलंय? कारण तेही खरं आहे. त्या फजितीनंतर हार्ड रॉक आणि मेटल असे दोन विभाग वेगळे केले गेले आणि १९९० मध्ये मेटलचं पहिलं ग्रॅमी 'वन'ला मिळालं. अल्बम म्हणून 'जस्टिस' १९८९ मध्ये हरला, त्यातलं गाणं १९९० मध्ये जिंकलं. १९९२ मध्ये 'ब्लॅक अल्बम'साठी पुरस्कार घेताना उलरिकने मंचावरून जेथ्रो टलचे आभार मानले होते, यंदा अल्बम न काढल्याबद्दल. त्यांनी खरं तर १९९१ मध्ये एक काढला होता.

१३. 'टू लिव्ह इज टू डाय' क्लिफ बर्टनने लिहिलं आहे का? बेसही त्याचाच का?

बेस न्यूस्टेडचा. रचना बर्टन मागे ठेवून गेलेल्या सुरावटींच्या तुकड्यांवरून बांधलेली आहे, म्हणून श्रेयात त्याचं नाव आहे. जवळपास संपूर्ण वादन. शेवटाकडे हेटफील्ड चार ओळी बोलतो, गात नाही. त्या ओळी बर्टनच्या कागदांतून आल्या म्हणून श्रेय त्याला दिलं गेलं, पण सगळे शब्द मूळ त्याचे नाहीत. पहिल्या वाक्याशी मिळतंजुळतं वाक्य १९८१ च्या 'एक्सकॅलिबर' सिनेमात आहे.

याला वादनप्रधान रचना म्हणायचं की गाणं, यावर वाद घालणारे भेटतात. मी वादनप्रधान म्हणेन. आधीच्या अल्बमवरच्या 'ओरायन'शी तुलना होते तेव्हा एक फरक लक्षात ठेवा: 'ओरायन'मध्ये बर्टन स्वतः वाजवतोय. इथे बाकीचे त्याच्यासाठी वाजवताहेत. मधला तो एकट्या गिटारचा संथ तुकडा ऐकताना हे सांगावं लागत नाही.

(न्यूस्टेडचं नाव श्रेयात असलेलं एकच गाणं आहे, 'ब्लॅकन्ड'. त्याच्याच रिफने ते उभं राहिलं.)

१४. यातली बरीच गाणी बँड मंचावर वाजवत नाही. खरं का?

बऱ्याच अंशी. 'वन' जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात असतं, 'ब्लॅकन्ड' आणि 'हार्वेस्टर ऑफ सॉरो' येत-जात असतात. शीर्षकगीत १९८९ नंतर बाजूला पडलं. नऊ-दहा मिनिटांच्या त्या गाण्यात पुढच्या रांगेतली मंडळी जांभया देताना दिसायची, असं हॅमेटने सांगितलं आहे. २००७ मध्ये ते परत आलं. 'डायर्स ईव्ह' पहिल्यांदा मंचावर वाजलं २००४ मध्ये, 'टू लिव्ह इज टू डाय' संपूर्ण रूपात २०११ मध्ये, 'द फ्रेड एंड्स ऑफ सॅनिटी' २०१४ मध्ये. मधल्या काळात, १९९१ च्या पुढच्या दौऱ्यात, यातल्या चार गाण्यांचे तुकडे जोडून एक मिश्रण वाजवलं जायचं.

१५. मेटॅलिका भारतात आला होता का?

एकदा, ३० ऑक्टोबर २०११ रोजी बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर. दोन दिवस आधी दिल्लीजवळ गुडगावला होणारा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला आणि तिथे मोडतोड झाली. महाराष्ट्रात त्यांचा कार्यक्रम तेव्हा झाला नाही; मुंबई-पुण्याहून पोरं रेल्वे आणि बस भरभरून बेंगळुरूला गेली होती.

१६. 'ब्लॅक अल्बम' इतका वेगळा का झाला? 'जस्टिस' फसला म्हणून का?

फसला म्हणून नाही, आकडे वर दिलेत. पण त्या दिशेने पुढे जायला वाट उरली नव्हती. याहून लांब, याहून गुंतागुंतीचं करून ते मंचावर रोज वाजवणं त्यांनाच नकोसं झालं होतं. मग निर्माता म्हणून बॉब रॉक आला, गाणी आखूड झाली, चौघांनी एकत्र बसून वाजवायचं ठरलं. आणि बेस? 'सॅड बट ट्रू' लावून पाहा, भिंत थरथरते. स्टुडिओ तोच होता, वन ऑन वन. बेसवादकही तोच.

१७. कोणती आवृत्ती घ्यावी?

पहिल्यांदा घेत असाल तर २०१८ चा साधा रीमास्टर पुरे. जुनी सीडी कुणाकडे असेल तर तीही उत्तम, आवाजाची पातळी जरा कमी आहे इतकंच. आवाज वाढवून ऐका. मोठा पेटीसंच फक्त ज्यांना डेमोपासून गाणं कसं वाढत गेलं ते अभ्यासायचं आहे त्यांच्यासाठी. व्हायनलवर गाणी चार बाजूंना विभागली गेल्यामुळे दर दोन-तीन गाण्यांनंतर आपोआप विसावा मिळतो आणि या अल्बमला तो मानवतो.

बेससकट 'जस्टिस' हवा असेल तर 'लाइव्ह शिट: बिंज अँड पर्ज' हा १९९३ चा संच शोधा. त्यात १९८९ चं सिॲटलचं ध्वनिचित्रमुद्रण आहे. 'ब्लॅकन्ड', 'हार्वेस्टर ऑफ सॉरो', शीर्षकगीत, 'वन', सगळी मूळ दौऱ्यातली, चढ्या वेगात, आणि न्यूस्टेड प्रत्येक सुरात ऐकू येतो.